मरण मे महिन्यात, कारण ऑगस्टमध्ये

डिसेंबरच्या अखेरीस निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, आणि त्याच सुमारास नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर येवल्याच्या काळविटांची काळजी सुरू होते. एवढ्या थंडीत उघड्या माळावर त्यांचं काय होत असेल? एप्रिल लागला की हीच काळजी पाण्यावर आणि चाऱ्यावर येते. काळविटांचा माळ असलेल्या ममदापूर-राजापूरला टँकर पाठवा, टेम्पोभर चारा टाका, असा एका बाजूचा आग्रह. दुसरी बाजू म्हणते, रानातल्या जनावरांत माणसानं पडू नये. दुबळं मरेल, सबळ जगेल, हजारो वर्षं हेच चाललंय. वाद जून उजाडेपर्यंत रंगतो आणि पहिल्या पावसासोबत वाहून जातो. माझं म्हणणं असं आहे की हा वादच चुकीच्या महिन्यात घातला जातो. कठीण हंगामात हरणं मरतात हे खरं. पण त्यातली किती मरणार, कोणती मरणार आणि उरलेल्यांच्या पोटी काय जन्मणार, हे त्या हंगामात ठरत नाही. ते आधीच्या सुगीत ठरून गेलेलं असतं. म्हणून मे महिन्यात चारा टाकणं बंद करावं, आणि तो पैसा, ती माणसं, ती तळमळ जून ते नोव्हेंबर या काळात गवतावर लावावी.

आधी थंडीचा प्रश्न मिटवू. निफाडच्या गव्हाला मानवणारी आणि द्राक्षाला न मानवणारी ही थंडी काळविटाच्या जिवावर उठत नाही. तेव्हा माळावर गवत उभं असतं, ओढ्या-नाल्यांत थोडंफार पाणी असतं, शेतांत हरभरा असतो आणि सकाळी आठनंतर ऊन असतं. आपल्याकडचा जीवघेणा हंगाम एप्रिलपासून पहिल्या दमदार पावसापर्यंतचा. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात येवल्याच्या पूर्वेला पाचशेच्या आसपास. ज्या वर्षी तोही दगा देतो, त्याच्या पुढचा उन्हाळा हा आपला खरा ‘हिवाळा’. तरीही बर्फाच्या देशांतल्या हिवाळ्याकडे नीट पाहायला हवं. कारण कठीण हंगाम आणि मोठे तृणभक्षी प्राणी यांचं गणित तिथं शंभर वर्षं मोजलं गेलंय, आणि आपण आज ज्या चुका करायला निघालोय, त्यातल्या बहुतेक तिथं करून झाल्या आहेत.

उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीण हिवाळ्यात जगतं ते मुख्यतः अंगावरच्या चरबीवर. हिवाळ्यात ते खातं, पण जे मिळतं ते डहाळ्या, साली, वाळकी पानं. त्यातून रोजचा खर्च भागत नाही. म्हणून त्याचं शरीर आपणहून काटकसरीला लागतं: भूक कमी होते, हालचाल कमी होते, जाड पोकळ केसांचा थर अंगातली ऊब धरून ठेवतो. एवढं करूनही निरोगी प्राणी वसंतापर्यंत वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा गमावतो. बर्फ गुडघ्यावर गेला की प्रत्येक पावलाला जास्त शक्ती लागते आणि खुरटी झुडपं गाडली जातात. मिनेसोटा राज्याचं वन्यजीव खातं याचा साधा हिशेब ठेवतं. नोव्हेंबर ते मे या काळात तापमान उणे १८ सेल्सिअसला किंवा त्याखाली गेलं त्या दिवसाचा एक गुण, जमिनीवर ३८ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त बर्फ राहिला त्या दिवसाचा आणखी एक. बेरीज शंभराच्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १८० च्या वर गेली तर कडक. या हिशेबात सर्वांत थंड रात्र कोणती याला काही महत्त्व नाही. महत्त्व आहे ते कठीण दिवस किती लांबले याला. चरबीचा साठा शंभर दिवसांचा असेल आणि हिवाळा एकशेवीस दिवस रेंगाळला, तर शेवटच्या वीस दिवसांत जनावरं पडतात. म्हणून तिथली बहुतेक मरणं ऐन थंडीत होत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळू लागल्यावर होतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं, आता तर ऊन पडलंय, मग हे मेलं कसं?

मरणाऱ्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी त्या वर्षीची पिल्लं. वाढण्यातच सगळं खर्च झाल्यानं त्यांच्या अंगावर साठाच नसतो. मग म्हातारी जनावरं, आणि माजाच्या दिवसांत खाणंपिणं सोडून झुंजलेले मोठे नर. भर वयातल्या माद्या सर्वांत शेवटी. २०२२-२३ चा हिवाळा अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये इतका लांबला की पश्चिमेकडच्या म्यूल हरणांच्या एका मोठ्या कळपात रेडिओ-पट्टे लावलेल्या मोठ्या जनावरांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त मेली आणि पाडसं जवळजवळ सगळी गेली. जनावर उपासमारीनं मेलं की रोगानं, हे ओळखायची जुनी पद्धत म्हणजे मांडीचं हाड फोडून पाहणं. धडधाकट प्राण्यातली मज्जा गोठलेल्या तुपासारखी पांढरट आणि घट्ट असते. उपाशी मेलेल्यात ती लालसर, पातळ, चिकट झालेली दिसते. शरीर आधी कातडीखालची चरबी वापरतं, मग आतड्यांभोवतीची, आणि अगदी शेवटी हाडातली. मज्जा लाल दिसली म्हणजे ते जनावर कित्येक आठवडे मरत होतं. आणि जी मादी मरत नाही तीही या हंगामाची किंमत मोजतेच: तिचं पिल्लू कमी वजनाचं जन्मतं, दूध कमी पडतं, पहिल्या काही आठवड्यांतच ते दगावतं. एका वाईट हंगामाची झळ अशी पुढची दोन-तीन वर्षं पोचत राहते.

मग हिवाळाच मारतो, यात वाद कसला? वाद असा, की तोच हिवाळा एका कळपाला संपवतो आणि दुसऱ्याला नुसता चाटून जातो. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाहीत, दगडफुलाच्या जातीचं लायकेन जमिनीवर जाड पसरलेलं. १९६३ पर्यंत त्यांची संख्या सहा हजारांवर गेली. त्याच काळात त्यांची सरासरी वजनं झपाट्यानं उतरत होती, पण संख्या वाढतेय म्हटल्यावर वजनाकडे कोण बघतो? १९६३-६४ चा हिवाळा कडक निघाला, आणि १९६६ मध्ये पाहणी झाली तेव्हा बेटावर ४२ जनावरं उरली होती. कडक हिवाळे त्याआधीही येऊन गेले असतील. पण तेव्हा जमिनीवर लायकेन होतं आणि जनावरांच्या अंगावर चरबी. लेक सुपीरिअरमधल्या आइल रॉयल बेटावरही हेच: १९९५ मध्ये सुमारे २,४०० मूस, मग लांबलेला हिवाळा, गोचिडांचा उपद्रव आणि आधीच ओरबाडलेलं रान एकत्र आलं, आणि १९९७ मध्ये सुमारे ५०० उरले. मंगोलियातले पशुपालक तर अशा आपत्तीला ‘झुड’ म्हणतात, आणि त्यांना पक्कं ठाऊक असतं की सर्वांत वाईट झुड तो, ज्याच्या आधीचा उन्हाळा कोरडा गेलेला असतो. २००९-१० च्या झुडात तिथली ८० लाखांहून अधिक पाळीव जनावरं मेली. थंडी भयंकर होती खरी, पण जनावरं त्या थंडीत शिरली तीच रोड होऊन.

आता येवल्याकडे. बर्फाच्या जागी इथं वाळकं गवत आहे, एवढाच फरक. जुलै-ऑगस्टमधलं कोवळं मारवेल किंवा पवना हे कसदार खाणं. तेच गवत मार्चनंतर काडी होतं. रवंथ करणाऱ्या प्राण्याचं पचन त्याच्या कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांवर चालतं, आणि त्या सूक्ष्मजीवांना चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की ते मंदावतात, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, आणि पोट भरलेलं असल्यामुळे जनावर खाणंही कमी करतं. म्हणजे भरल्या पोटी उपासमार. त्यात पाण्यासाठी रोजची पायपीट, चाळीस अंशांचं ऊन, आणि पोटात पिल्लू असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या माद्या. काळविटाची मादी पंचवीस-पस्तीस किलोची. तिच्या अंगावर साठा असून असून किती असणार? तो जमतो पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. त्या काळात माळावर कसदार गवत उभं राहिलं नाही, तर मे महिन्यात तिच्यापुढे काहीही नेऊन ठेवलं तरी उशीर झालेला असतो.

‘निसर्गाला करू द्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, हे मान्य. कठीण हंगाम संख्येला आवर घालतो, रोगट जनावर कळपातून जातं, उरलेल्यांच्या वाट्याला चारा येतो. पण हा न्याय कुठं लागू पडतो? जिथं चारा संपल्यावर कळपाला दुसरीकडे जाता येतं तिथं. ममदापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं. त्याच्या भोवती कांदा-मक्याची शेतं, झटका मशीनची कुंपणं, डांबरी रस्ते, कठडा नसलेल्या विहिरी आणि गावोगावची मोकाट कुत्री. पाण्याच्या शोधात बाहेर पडलेलं काळवीट विहिरीत पडतं, गाडीखाली येतं किंवा कुत्री त्याला दमवून मारतात. कधी तर चावाही न लागता, नुसत्या धावपळीनं स्नायू निकामी होऊन ते तासा-दोन तासांनी कोसळतं. याला निसर्गाचं काम म्हणणं हा आपल्या कामचुकारपणावर घातलेला पडदा आहे. हॉलंडनं हा प्रयोग करून पाहिला. ओस्टफार्डर्सप्लासन हे तिथलं राखीव क्षेत्र सुमारे ५६ चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास ममदापूरएवढंच. आत रानटी वळणाची गुरं, घोडी आणि लाल हरणं, भोवती कुंपण. काही सौम्य हिवाळ्यांत संख्या पाच हजारांवर गेली. २०१७-१८ च्या हिवाळ्यात त्यातली तीन हजारांहून अधिक गेली, बहुतेक उपासमारीनं मरणाच्या दारात असताना वनरक्षकांनी गोळी घातलेली. लोकांनी संतापून कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकल्या, निदर्शनं झाली, शेवटी सरकारला चारा टाकायला लागला आणि पुढे संख्या आवरती ठेवायचं धोरण घ्यावं लागलं. जाण्याच्या वाटा बंद करून ‘निसर्ग’ म्हणायचं, हे तिथल्या लोकांना पटलं नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच होते.

मग चारा टाकणारे बरोबर? त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच, की वाटा आपण अडवल्या, तर पोसण्याची जबाबदारीही आपली. शिवाय जनावर डोळ्यांदेखत मरत असताना गप्प बसा, हे सांगणाराच निर्दयी वाटतो. इतिहासातही त्यांना आधार सापडतो. वायोमिंगमधल्या जॅक्सन इथं वाट अडलेले एल्क भुकेनं मरू लागले, तेव्हा १९१२ मध्ये त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र झालं आणि हिवाळ्यात चारा देणं रुळलं, कळप टिकला. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण त्या दयेचं पुढं काय झालं तेही पाहायला हवं. तात्पुरती मदत शंभर वर्षं उलटली तरी थांबवता आली नाही, कारण चाऱ्यावर वाढलेला कळप आता चाऱ्याशिवाय जगू शकत नाही. हजारो जनावरं एका जागी, एकमेकांच्या लाळेत आणि शेणात तोंड घालून उभी राहतात, त्यामुळे गर्भपात घडवणारा ब्रुसेलोसिस त्यांच्यात मुरला. आता त्या भागात प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांचा, हरणांना झिजवून मारणारा रोगही येऊन पोचला आहे. या प्रायॉनवर औषध नाही आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आपल्याकडे हा रोग नाही. पण लाळ्या-खुरकूत आहे, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा साथीचा रोग आहे. २०१६-१७ च्या हिवाळ्यात मंगोलियातल्या सायगा हरणांना पाळीव कळपांतून पीपीआर लागला आणि निम्म्याहून जास्त सायगा काही महिन्यांत गेले. ममदापूरच्या माळावर टाकलेल्या चाऱ्याच्या ढिगावर आधी कोण येतं? शेजारच्या वाडीतल्या शेळ्या.

चाऱ्याचा आणखी एक दोष पोटातला आहे. महिनोन् महिने काडी पचवणाऱ्या कोठीपोटात एका खास प्रकारचे सूक्ष्मजीव उरलेले असतात. नवा चारा पचवणारे वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. अशा उपाशी जनावरापुढे कुणी मका, गहू, शिळ्या भाकरी, पाव, गूळ आणून ओतला की त्यातला स्टार्च आणि साखर झपाट्यानं आंबते, लॅक्टिक आम्ल वाढतं, कोठीपोटाचं अस्तर भाजून निघतं आणि रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. एक ते तीन दिवसांत जनावर मरतं. सुटलेली गाय धान्याच्या पोत्यात तोंड घालून बसली की काय होतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. गोठ्यात खाण्याचा सोडा पाजता येतो, डॉक्टर बोलावता येतो, काळविटाला कोण पाजणार? आणि नुसता कडबा टाकला तरी तो पोचतो कुणाला? छावणीत प्रत्येक गुराला दावं असतं, पुढ्यात मोजून वैरण असते. रानात ढिगावर आधी दांडगे नर येतात, मग मोठ्या माद्या, आणि ज्यांच्यासाठी टेम्पो निघाला ती पाडसं शिंगांच्या धाकानं कडेला उभी राहतात. बहात्तरच्या दुष्काळापासून चारा छावण्यांनी या राज्यातली लाखो गुरं वाचवली हे खरं, पण म्हणून तोच उपाय रानाला लावणं चूक आहे.

आकडेही मांडून पाहू. हिशेबासाठी हजार काळविटं धरा. तीस किलोच्या जनावराला रोज साधारण पाऊण ते एक किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे हजारांना जवळपास एक टन, आणि एप्रिलपासून मध्य जूनपर्यंतच्या पंचाहत्तर दिवसांना सत्तर टनांच्या आसपास. वाढदिवसाला पाठवलेला एक टेम्पो त्यातला एक दिवस भागवतो, तोही सगळा हरणांच्याच तोंडी गेला तर. याउलट राखीव क्षेत्राच्या ५,४०० हेक्टरपैकी एक तृतीयांश जागेवरच गवत आहे असं धरलं आणि हेक्टरी एक टन वाळकं गवत, हे हलक्या माळाला परवडणारं उत्पन्न मानून त्यातलं निम्मं कापायचं-चारायचं सोडून दिलं, तरी नऊशे टन माळावर उभं राहतं. ते आणायला डिझेल लागत नाही, ते एका ढिगात नसतं, त्यात पाडसं लपतात, आणि प्रत्येक जनावर आपल्या वेळेला आपापल्या जागी खातं.

पाण्याचं थोडं वेगळं आहे. मे महिन्यात काळविटाला जवळपास रोज पाणी लागतं, आणि ते माळावर नसेल तर ते गावात येणारच. म्हणून पाणवठ्यांना माझा विरोध नाही. पण पाणी दिलं की झालं, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात कोरड्या उत्तर भागात कृत्रिम पाणवठे केले. पाण्यामागे झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि उंच गवतात राहणाऱ्या रोन कुरंगांची संख्या १९८६ मधल्या सुमारे ४५० वरून १९९३ मध्ये ४५ च्या आसपास आली. पुढे उद्यानानं कित्येक पाणवठे बंद केले. क्रूगरच्याच शेजारच्या क्लासेरी राखीव क्षेत्रात पाणवठे इतके दाट होते की पाण्यापासून लांब असं गवत राखायला जागाच उरली नव्हती. १९८२-८३ च्या दुष्काळात तिथली चरणारी जनावरं पाण्याच्या काठावर उपाशी मेली. तेव्हा पाणवठे मोजकेच हवेत, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरवर, रस्ता आणि वस्ती टाळून. बशीच्या आकाराचे, उतार मंद, मध्यभागी खोली दीड फुटाच्या आत, म्हणजे पाडस आत पडलं तरी चालत बाहेर येईल. उभ्या भिंतीची टाकी म्हणजे दुसरी विहीरच. पाच मीटर व्यासाच्या बशीतून मे महिन्यात रोज दोनशेक लिटर पाणी नुसतं उडून जातं, ते हिशेबात धरावं. दर आठ-दहा दिवसांनी तळ घासून शेवाळ काढावं. आणि पाऊस लागला की पाणवठा बंद, नाहीतर भोवतीचं गवत वाढायच्या दिवसांतच खुरांखाली जातं.

खरं काम गवताचं. जुन्या मराठी राज्यकारभाराला हे नीट कळत होतं. घोडदळ पावसाळ्यात छावणीला यायचं, त्याआधी दाणावैरण भरून ठेवलेली असायची; सरकारी कुरणं राखलेली असायची आणि तिथं वाटेल त्याला गुरं घालता येत नसत. दसऱ्याला निघणारी मोहीम घोड्याच्या अंगावर चालायची, आणि घोड्याचं अंग कुरणावर. आपण मात्र त्याच माळांना ‘पडीक’ ठरवून तिथं खड्डे खणले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली, वेड्या बाभळीला मोकळं रान दिलं आणि त्याला हिरवाई म्हटलं. काळवीट उघड्या माळाचा प्राणी आहे. धोका लांबून दिसावा आणि दिसताच धावता यावं, यावर त्याचं जगणं उभं आहे. झाडोरा दाटला की गवत सावलीत मरतं आणि कुत्र्यांना दबा धरायला आडोसा मिळतो. तेव्हा पहिलं पाऊल म्हणजे माळावरची नवी झाडं लावणं थांबवणं आणि वेडी बाभूळ मुळासकट काढणं. नुसती तोडली तर बुंध्यातून चौपट फुटते. ती पावसाळ्याआधी काढावी आणि मोकळ्या जागेत पहिल्या पावसात मारवेल, पवन्याचं बी टाकावं किंवा ठोंब लावावेत. जून ते ऑक्टोबर, गवत बी धरून ते झडेपर्यंत, निवडलेल्या पट्ट्यांत चराई बंद. कापणी नोव्हेंबरात, जमिनीपासून चार-पाच इंच सोडून, आणि निम्मे पट्टे अजिबात न कापता. जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळे केलेले पट्टे, फेब्रुवारीच्या मध्याआधी पूर्ण, कारण मार्चमधली एक आग वर्षभराची शिदोरी एका दुपारी संपवते. विहिरींना तीन फुटी कठडे आणि कुत्र्यांची नसबंदी ही कामंही याच महिन्यांत उरकायची. मेमध्ये ती फक्त बातमीत होतात.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरोखर जड आहे. माळ काही हरणांच्या नावावर लिहून दिलेला नाही. तिथं मेंढपाळांची, शेळ्यावाल्यांची पोटं चालतात, आणि कळप वाढला की सोसावं लागतं ते हरभरा-मका पेरणाऱ्याला. गवत राखायचं म्हणजे गरिबाला हाकलायचं का? चराईबंदी फतव्यानं केली तर हेच होईल, आणि रात्री गवताला काडीही लागेल. पण शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात हिवरे बाजारनं चराईबंदी गावाच्या निर्णयानं केली आणि गवत विळ्यानं कापून नेण्याची मुभा ठेवली. गाव उपाशी राहिलं नाही, उलट दूध वाढलं. कारण मोकाट चराईत गवत वाढायच्या आतच खुडलं जातं, आणि राखून कापलेलं गवत त्याच जमिनीतून कितीतरी जास्त निघतं. कापण्याचा पहिला हक्क त्या त्या वाडीतल्या शेळी-मेंढीवाल्यांना द्यावा, पट्टे दरवर्षी बदलावेत, आणि त्यांच्या कळपांचं पीपीआर व लाळ्या-खुरकूतचं लसीकरण वन खात्याच्या खर्चानं व्हावं. त्यात हरणांचाही फायदा आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई सरकारी कागदावर आहेच, ती पेरणीच्या पुढच्या हंगामाआधी हातात पडली पाहिजे. पोट भरलेलं काळवीट शेतात येणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण माळ रिकामा असताना ते येतं ते सगळा कळप घेऊन.

आणि हे सगळं जमतंय की नाही, हे कळणार कसं? बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मोजलेला एकूण आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, वाढला की आनंद, घटला की हळहळ. सेंट मॅथ्यू बेटावरचा आकडाही १९६३ पर्यंत वाढतच होता. मोजायला हवं ते वेगळंच: दर शंभर माद्यांमागे किती पाडसं, आणि तीही दोनदा, एकदा ऑक्टोबरअखेर आणि एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात. सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, ठरलेल्या वाटांवरून, दुर्बिणीनं कळपातले काळे नर, तरुण नर, माद्या आणि पाडसं वेगवेगळी लिहून घ्यायची. कॉलेजची मुलं शिकवली तर एका सकाळी हे करतात. ऑक्टोबरातला आकडा खाली आला तर पावसाळ्यात गवतानं किंवा कुत्र्यांनी दगा दिला. ऑक्टोबरात बरा असून जूनमध्ये कोसळला तर साठा पुरला नाही, म्हणजे राखलेले पट्टे वाढवायचे. सोबत मेलेल्या प्रत्येक जनावराच्या पंचनाम्यात मृत्यूचं कारण लिहिताना मांडीचं हाड फोडून मज्जेचा रंगही नोंदवावा. हे आकडे ममदापूर, राजापूर, खरवंडी, रेंडाळे इथल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर दर वर्षी लागले, तर पुढच्या एप्रिलमध्ये टेम्पो भरायला निघालेल्या माणसाला आधी तो फलक वाचता येईल आणि त्याच पैशात जुलैमध्ये किती हेक्टरवर बी पडेल, हे वन खात्याला विचारता येईल.